शब्दबोध : ॲनिलीन – निळीच्या पोटचा शब्द



रंगाच्या कारखान्यात, गिरणीच्या रंगखात्यात किंवा रबर-औषधांच्या कंपनीत राबणाऱ्या आपल्या माणसांच्या कानावरून 'ॲनिलीन' हा शब्द गेलेला असतो. पिंपावर तो इंग्रजीत छापलेला असतो, म्हणून तो साहेबांचा शब्द आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आपल्याच देशातून गेलेला शब्द आहे. तो कसा गेला, काय होऊन परतला आणि त्याचा अर्थ ठाऊक असणे आपल्या जिवाच्या दृष्टीने का महत्त्वाचे आहे, ते आज पाहू.

मूळ शब्द 'नील'. पालीत तोच, संस्कृतातही तोच. आपल्या मराठीत तो 'नीळ' झाला. फारसीत तो 'नील'च राहिला. अरबांनी त्याला 'अल' हे उपपद जोडले. 'न'पुढे त्यांच्या 'ल'चा उच्चार बदलतो, म्हणून झाले 'अन्-नील'. पोर्तुगीजांनी त्याचे 'अनिल' केले. (आपल्याकडे मुलाचे नाव अनिल ठेवतात, त्याचा अर्थ वारा. त्याचा इथे काही संबंध नाही.) 'इंडिगो' हा दुसरा शब्द ग्रीकांचा. त्याचा अर्थ एवढाच, की हिंदुस्थानातून आलेला माल.

१८२६ साली उनफरडॉर्बेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीची वडी तापवून तिचा अर्क काढला. १८३४ साली रुंगे यांना तसाच पदार्थ दगडी कोळशाच्या डांबरात सापडला. १८४० साली फ्रिट्झ्शे यांनी तो पुन्हा निळीपासून मिळवला आणि 'अनिल'वरून त्याला 'ॲनिलीन' नाव दिले. हे सारे एकच द्रव्य आहे, हे १८४३ साली हॉफमन यांनी सिद्ध केले. ॲनिलीन हा स्वतः रंग नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ते तेलकट, बिनरंगाचे द्रव आहे आणि हवा लागली की तांबूस होते. त्यापासून रंग बनतात.

पहिला मोठा रंग बनला तो अपघाताने. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा तरुण हिवतापावरचे क्विनाईन बनवू पाहत होता. क्विनाईन झाले नाही, जांभळा रंग मात्र हाती आला. त्या रंगाला फ्रेंच भाषेतील एका फुलाचे नाव मिळाले, 'मॉव्ह'. पुढचा गडद गुलाबी रंग 'मॅजेंटा'. हे इटलीतील गावाचे नाव आहे. १८५९ साली तिथे लढाई झाली होती. १८६५ साली जर्मनीत निघालेल्या 'बीएएसएफ' या कंपनीच्या नावातील 'ए' म्हणजेच ॲनिलीन.

इकडे निळीच्या शेतात काय चालले होते? बंगालच्या रयतेला गोरे मळेवाले बळजबरीने नीळ पेरायला लावत. १८५९-६० साली ती रयत उठली. बिहारात चंपारणला बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती. १८९७ साली कारखान्यात बनलेली नीळ बाजारात आली आणि शेतातल्या निळीचा भाव कोसळला. मग मळेवाल्यांनी आपला तोटा शेतसारा वाढवून कुळांकडूनच वसूल केला. १९१७ चा चंपारणचा लढा त्यातून उभा राहिला.

पंचरंगी बौद्ध ध्वजाच्या रंगांची पाली नावे आठवा : नील, पीत, लोहित, ओदात, मंजेट्ठ. यातले शेवटचे नाव मंजिष्ठेच्या मुळीवरून पडले आहे. त्या जातीच्या मुळीतला लाल रंग म्हणजे ॲलिझरिन. १८६८ साली तोही डांबरातून बनवण्यात आला. नावे झाडामुळांची राहिली आणि माल कोळशाचा झाला.

आता जिवाची गोष्ट. ॲनिलीन नाका-तोंडावाटे तर जातेच, पण कातडीतूनही अंगात शिरते. ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करते. ओठ आणि नखे निळी पडतात, डोके दुखते, धाप लागते. असे दिसताच माणसाला मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. पिंपावरचे नाव कागदावर उतरवून डॉक्टरांना दाखवावे.

याच कुळातले 'बेन्झिडीन' आणि 'नॅफ्थिलामीन' हे शब्द त्याहून घातक. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगकामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे दाखवून दिले. तेव्हा दोष ॲनिलीनला दिला गेला. पुढच्या संशोधनात ही दोन द्रव्ये मुख्य गुन्हेगार ठरली. हा रोग काम सोडल्यावर वीस-तीस वर्षांनीही उद्भवू शकतो. तेव्हा घरातल्या निवृत्त रंगकामगाराला लघवीतून रक्त गेले, तर दुखत नाही म्हणून अंगावर काढू देऊ नका. पूर्वी कोणते काम केले, ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

माता-भगिनींसाठी आणखी दोन शब्द. 'मेटॅनिल यलो' या नावात 'अनिल' दडलेलाच आहे. हा पिवळा रंग खाण्यात वापरायला मनाई आहे, तरी हळद, डाळ, मिठाई यांत त्याची भेसळ पकडली गेलेली आहे. हळकुंडे आणून घरी दळून घेणे हा त्यावर साधा उपाय. दुसरा शब्द 'पी.पी.डी.'. तो ॲनिलीनचा भाऊबंद केस काळे करण्याच्या रंगात असतो आणि काळ्या मेंदीतही मिसळतात. त्याने कित्येकांच्या कातडीला फोड येतात. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस येतो. लगेच काळीभोर रंगणारी मेंदी मुलींच्या हाताला लावू नका.

घरात कुणी रसायनाच्या कामावर असेल, तर आज जेवताना विचारा, "पिंपावर काय लिहिलेलं असतं?" इंग्रजी वाचता येत नसेल, तर अक्षरे जशीच्या तशी उतरवून आणायला सांगा. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी ती वाचून दाखवील. शेवटी 'ॲनिलीन', 'अमीन' किंवा 'डीन' असे काही आले, तर हातमोजे घातल्याशिवाय त्या पिंपाला हात लावू नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत.