शेत विकण्याआधी परमिटचा कागद वाचा



कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यातली पोरे आता कॅनडाला शिकायला निघाली आहेत. बी.एस्सी. ॲग्री झालेला पोरगा, इंजिनियरिंग करून घरी बसलेली पोरगी, यांच्यासाठी बाप जमिनीच्या दलालाला विचारतो आहे, रस्त्याकडच्या चार एकराला काय भाव येईल म्हणून. असा विचार चाललेल्या प्रत्येक घरासाठी हा मजकूर आहे.

पोरांच्या जाण्याला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. शेतकऱ्याच्या पोराने मातीतच राबावे आणि बाबूच्या पोराने विलायतेला जावे, असा काही देवाघरचा कायदा नाही. ज्या धंद्यात उत्पादनखर्च निघत नाही, त्या धंद्यातून ज्याला बाहेर पडता येईल त्याने जरूर बाहेर पडावे. तो त्याचा हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे, की बाहेर पडण्याचा सौदा डोळे उघडे ठेवून करावा. सरकीची थैली घेताना आपण लॉट नंबर बघतो, पक्की पावती मागतो. मग पंचवीस-तीस लाखांचा सौदा नुसत्या तोंडी शब्दावर का करायचा?

चार कागद, चार अर्थ

एजंट एका दमात सांगतो, "दोन वर्षे शिकायचे, तीन वर्षे कमवायचे, मग पीआर." ऐकायला गोड आहे. पण या एका वाक्यात चार वेगळे कागद आहेत आणि एक मिळाला म्हणजे पुढचा मिळतोच असे नाही.

पहिला कागद कॉलेजच्या प्रवेशाचा. तो कॉलेज देते. दुसरा कागद स्टडी परमिट, म्हणजे त्या देशात राहून शिकण्याची परवानगी. तो कॅनडाचे सरकार देते. तिसरा कागद शिक्षण संपल्यानंतरच्या वर्क परमिटचा. यावर कोणत्याही मालकाकडे काम करता येते. आयुष्यात तो एकदाच मिळतो. चौथा कागद कायमच्या वास्तव्याचा, ज्याला सगळे पीआर म्हणतात.

आपल्या घरात पेढे वाटले जातात ते दुसऱ्या कागदावर. पण घेतलेले कर्ज फिटणार की नाही, हे तिसऱ्या कागदावर ठरते. शिकत असताना सत्र चालू असेल तेव्हा आठवड्याला २४ तासांपेक्षा जास्त बाहेर काम करता येत नाही. तेवढ्या कमाईत पोरगा आपले पोट भरेल, घरी पैसा येणार नाही. म्हणून फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असतो: या कॉलेजातल्या याच अभ्यासक्रमानंतर वर्क परमिट मिळते का?

परमिटला कोण बसतो?

कॅनडात परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेल्या सगळ्याच कॉलेजांतून हे परमिट मिळते, असे नाही. खाजगी कॉलेजे बहुतेक बाहेर पडतात. काही ठिकाणी तर सर्टिफिकेटवर नाव सरकारी कॉलेजचे आणि शिकवणी खाजगी कॉलेजच्या इमारतीत, अशी भागीदारी होती. १५ मे २०२४ पासून अशा भागीदारीच्या अभ्यासक्रमात शिकायला सुरुवात करणाऱ्याला परमिट नाही.

अभ्यासक्रम किमान आठ महिन्यांचा लागतो. आठ महिन्यांहून मोठा पण दोन वर्षांहून लहान असेल, तर जेवढा अभ्यासक्रम तेवढेच परमिट. दोन वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर तीन वर्षांचे. मास्टर पदवीला फेब्रुवारी २०२४ पासून सवलत आहे: अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा लहान असला तरी परमिट तीन वर्षांचे मिळते. पण पासपोर्टची मुदत आधी संपत असेल, तर परमिटही तिथेच संपते. शेवटचे सत्र सोडून प्रत्येक सत्र पूर्णवेळ शिकलेले असावे लागते. निम्म्याहून अधिक शिक्षण ऑनलाइन झाले असेल तर परमिटचे नाव काढू नये.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आणखी दोन अटी आल्या आहेत.

पहिली अट विषयाची. बॅचलर, मास्टर किंवा पीएच.डी. करणाऱ्याला विषयाची अट नाही. पण कॉलेजचा डिप्लोमा करणाऱ्याचा विषय सरकारी यादीतला असला पाहिजे. कृषी व अन्नप्रक्रिया, आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरीचे धंदे आणि वाहतूक ही त्यातली मुख्य क्षेत्रे. शिक्षण हे क्षेत्र २०२५ मध्ये जोडले गेले. प्रत्येक अभ्यासक्रमाला सहा आकडी क्रमांक असतो आणि यादी त्या क्रमांकाने चालते. आपल्याकडे सर्रास विकले जातात ते सर्वसाधारण बिझनेस मॅनेजमेंटचे डिप्लोमे या यादीत बसत नाहीत. ज्याच्या नावाला भुलून शेत विकले, त्या डिप्लोम्याने परमिटच मिळत नसेल, तर हातात काय उरले? एक फ्रेम केलेले सर्टिफिकेट. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. कृषी हे क्षेत्र यादीत आहे. शेतकऱ्याच्या ज्या पोराला एजंट दुसऱ्या कोणत्या तरी झगमगत्या डिप्लोम्याकडे वळवतो, त्याचा मूळ विषयच कदाचित त्याला तारणारा असेल.

दुसरी अट भाषेची. पदवीधराला कॅनडाच्या मोजणीत सातवी पातळी लागते, कॉलेजच्या डिप्लोमावाल्याला पाचवी. आता यातली मेख बघा. प्रवेशासाठी आपली पोरे आयेल्ट्सची 'ॲकॅडेमिक' परीक्षा देतात. परमिटच्या अर्जाला ती चालत नाही. तिथे इंग्रजीसाठी आयेल्ट्स 'जनरल ट्रेनिंग', सेल्पिप जनरल किंवा पीटीई कोअर यापैकी एक लागते, आणि निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो. म्हणजे परीक्षा पुन्हा, फी पुन्हा.

शेवटी मुदत. शिक्षण पुरे झाल्याचे कॉलेजने कळवल्यापासून १८० दिवसांत अर्ज करायचा. पण स्टडी परमिट मात्र शिक्षण संपल्यावर ९० दिवसांनी किंवा त्यावर लिहिलेल्या तारखेला, जे आधी येईल तेव्हा संपते. जो १८० दिवसांच्या भरवशावर बसून राहतो, त्याच्या पायाखालची परवानगी मध्येच निघून जाते. स्टडी परमिट चालू असतानाच अर्ज टाकला, तर निकाल येईपर्यंत पूर्णवेळ काम करता येते.

नियम बदलतात ते उभ्या पिकात

हे आपल्याला नवीन नाही. ५ मार्च २०१२ रोजी दिल्लीच्या सरकारने कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली होती. कापूस घरात, भाव पडलेले. ओरड झाल्यावर आठवडाभरात ती बंदी सैल करावी लागली. पण मधल्या दिवसांत ज्याने गरजेपोटी कापूस विकला, त्याचे गेले ते गेलेच.

कॅनडातही तसेच झाले. घरे अपुरी पडतात, सोयींवर ताण येतो, असे सांगून तिथल्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा घातली. आपल्या देशात किती लोक घ्यायचे हे ठरवण्याचा त्यांना अधिकार आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण नियम कसे लागू झाले ते बघा. विषयाची अट १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी स्टडी परमिटचा अर्ज केलेल्यांना लागली नाही. भाषेची अट मात्र त्या तारखेनंतर वर्क परमिटचा अर्ज करणाऱ्या सगळ्यांना लागली. जी पोरे आधीच तिथे जाऊन शिकत होती, त्यांनाही.

विषयांची यादीही स्थिर नाही. जून २०२५ मध्ये तिच्यातून १७८ अभ्यासक्रम काढले आणि ११९ नवे घातले. थोड्याच दिवसांत काढलेले १७८ तात्पुरते परत घेतले. स्टडी परमिटच्या अर्जाच्या दिवशी अभ्यासक्रम यादीत असेल, तर पुढे तो काढला तरी चालतो. म्हणून अर्जाच्या दिवशीची यादी छापून, तारीख घालून, सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवा. तो कागदही तितकाच मोलाचा आहे.

जोखीम कोणाची?

हिशेब मांडू. एकट्या विद्यार्थ्याने फी आणि विमानभाडे सोडून पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ कॅनडी डॉलर दाखवावे लागतात, असा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा नियम आहे. २०२३ संपेपर्यंत हाच आकडा १०,००० होता. डॉलर बासष्ट ते पासष्ट रुपयांचा धरला, तर हे सव्वाचौदा ते पंधरा लाख होतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे पावणेदोनशे क्विंटलच्या वर कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा: पस्तीस-छत्तीस एकरांचे सगळे पीक, एक रुपयाही खर्च वजा न करता. फी आणखी वेगळीच.

हा पैसा शेतकऱ्याने आणायचा कुठून? शहरातला नोकरदार फ्लॅट तारण ठेवतो आणि शैक्षणिक कर्ज उचलतो. शेतकऱ्याला ते दार अरुंद आहे. बँकांना तारणाची थेट वसुली करू देणाऱ्या २००२ च्या कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा राजी नसतात. ज्या तरतुदीने जमीन वाचवायची, तिच्यामुळेच अशा वेळी ती विकावी लागते, नाही तर सावकाराचे दार धरावे लागते. नोकरदाराचा पोरगा परत आला तर फ्लॅट कर्जात राहतो, पण राहतो. शेतकऱ्याचा पोरगा परत आला तर यायला शेत राहत नाही.

आणि बाकीच्यांचे काय जाते? कॉलेजला फी मिळाली. एजंटला कॉलेजकडून कमिशन मिळाले. परमिट नाही मिळाले, तर दोघांपैकी कोणाच्याही खिशातून दमडी जात नाही. २०२२ च्या सुरुवातीला क्युबेक प्रांतातली तीन खाजगी कॉलेजे पैशाअभावी बंद पडली आणि फी भरलेली भारतीय मुले उघड्यावर आली. २०२३ मध्ये पंजाबच्या मुलांचे प्रकरण गाजले. त्यांची प्रवेशपत्रेच खोटी निघाली. त्यातल्या काहींना ते कळले शिक्षण संपवून, नोकरी करून, पीआरचा अर्ज टाकल्यावर. डिसेंबर २०२३ पासून तिथले सरकार प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेते. बरे झाले, पण आपण आधीच पडताळायला काय हरकत होती?

परमिट मिळाले म्हणजे पीआर मिळाला, असेही नाही. त्या अर्जाच्या एका मोठ्या वाटेला कॅनडातला एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा कुशल कामाचा अनुभव लागतो. दुकानाच्या काउंटरवर किंवा गोदामात माल उचलण्यात घालवलेली तीन वर्षे त्यात धरली जात नाहीत.

मग करायचे काय?

एजंटकडे गेल्यावर पोराला गप्प बसवू नका, तुम्हीही गप्प बसू नका. पाच गोष्टी लेखी मागा.

१. कॉलेजचे नाव, त्याचा सरकारी क्रमांक, आणि हाच अभ्यासक्रम वर्क परमिटला चालतो असे कॉलेजचे स्वतःचे पत्र.

२. अभ्यासक्रमाचा सहा आकडी क्रमांक. तो कॅनडा सरकारच्या यादीत स्वतः शोधा. यादी बघायला पैसे पडत नाहीत.

३. शिकवणी कुठल्या इमारतीत, कोणत्या संस्थेकडून, आणि ऑनलाइन किती.

४. व्हिसा नाकारला गेला तर फीतले किती पैसे, किती दिवसांत परत.

५. एजंटचा परवाना. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पैसे घेऊन परमिटच्या अर्जाबाबत सल्ला देण्याचा किंवा अर्ज भरण्याचा अधिकार तिथले वकील, क्युबेकचे नोटरी आणि नोंदणी झालेले सल्लागार यांनाच आहे. त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. जो हा प्रश्न ऐकून चिडतो, त्याच्या दुकानातून उठून या.

आणि सगळी जमीन एका डावावर लावू नका. कोरडवाहू शेतकरी कापसात तुरीची ओळ का टाकतो? एक गेले तरी दुसरे हाताशी राहावे म्हणून. तेच शहाणपण इथे वापरा. परत यायला दोन एकर राखून जेवढे जमते तेवढ्यातच जमवा. जमत नसेल तर एक वर्ष थांबा, भाषेची परीक्षा चांगली द्या, डिप्लोम्याऐवजी पदवीचा प्रवेश मिळतो का ते बघा. प्रवेश पुढच्या वर्षी पुन्हा मिळतो, विकलेले शेत मिळत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या घरात प्रवेशपत्र येऊन पडले आहे, त्यांनी ते बरोबर आणावे. शिकलेली पोरे समोर बसतील, अभ्यासक्रमाचा क्रमांक यादीशी ताडून बघतील आणि उत्तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतील. यात लाजण्यासारखे काही नाही. बाजारात बैल घेताना आपण दात मोजतो, तेव्हा कोणी आपल्याला हसत नाही.