पटावरील आश्चर्ये आणि नान्नजचा माळ

'सिव्हिलायझेशन' हा संगणकावरील डावपेचांचा खेळ १९९१ पासून खेळला जात आहे. खेळाडूने राज्य वसवावे आणि शेती, व्यापार, विद्या वाढवीत ते युगानुयुगे पुढे न्यावे, असा त्याचा डाव. २०१० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत पटावर नैसर्गिक आश्चर्ये अवतरली. ती बांधता येत नाहीत, शोधावी लागतात. त्यांवर शेत करता येत नाही की खाण खोदता येत नाही. ज्याच्या सीमेत ती येतील, त्याच्या खात्यात मात्र धान्य, सुवर्ण, विज्ञान वा श्रद्धा जमा होत राहते.

अवघ्या पृथ्वीवरून अशी मोजकी स्थळे निवडायची, तर निकष कोणता? रचनाकारांची यादी पाहता स्थळ दृष्टीस पडताच ओळखू यावे, हा पहिला निकष दिसतो. फुजी पर्वत त्यात आहे. कैलासही आहे, आणि त्याची देणगी श्रद्धेची. ऋषभदेवांची निर्वाणभूमी अष्टापद म्हणजे कैलास, असे मानणाऱ्या घरांतील मुलांना ही नोंद उचितच वाटेल. अमेरिकेतील बॅरिंजर विवर विज्ञानाच्या खात्यात बसले. त्याची रुंदी सुमारे १.२ किलोमीटर. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, शिवाय काळ्या बसाल्ट पाषाणात उल्काघाताने झालेले असे विवर पृथ्वीवर दुर्मीळ. जून २०२० मध्ये त्याचे खारे पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेले. लोणार मात्र त्या आवृत्तीत नाही. ही उणीव भरून काढणे तसे सोपे आहे. लोणार छायाचित्रात मावते.

सोलापूरचा प्रश्न याहून अवघड आहे. शहराजवळच्या नान्नजचा माळ कोणत्याही छायाचित्रात भव्य दिसत नाही. मुरमाड जमीन, तुटपुंजा पाऊस, कुसळी आणि पवन्या गवत, काळवीट, लांडगा आणि मेंढ्यांचे कळप. याच माळावर माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा वर्षाला एकच अंडे घालत असे. त्याला दूरवर मोकळी नजर हवी. पुण्यकर्म म्हणून तेथे दाट झाडी लावली तर त्याचे घरच मोडते. दर्शनी फळीवर मांडलेला माल आणि दुकान चालविणारा माल निराळा असतो, हे पेढीवरच्या माणसाला सांगावे लागत नाही.

येथेही सीमेत काय घ्यावे याची निवड झालीच. १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. गावे, शेते, रस्ते सारेच त्यात आल्याने जमिनीचे व्यवहार अडत. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर उरले. ही काटछाट अवाजवी म्हणता येणार नाही, कारण आधीची रेघच फार सैल होती. पण तोवर गवताचे सलग पट्टे तुटत गेले होते, आणि आज माळढोकाचे दर्शन अत्यंत विरळ झाले आहे.

खेळाच्या पटावर अशी जमीन साधे मैदान म्हणून येते. तेथे कामगार पोहोचला की खेळाडूची पहिली आज्ञा बहुधा एकच असते: शेत करा.