सर्टिफिकेट मोबाइलवर येतं, शिष्य येत नाही

स्पष्टच लिहितो. कोणाला राग आला तरी चालेल.

साक्री-पिंपळनेरकडच्या आपल्या मंडळ्यांमध्ये सध्या ऑनलाइन शिष्यत्व प्रशिक्षणाचं पेव फुटलंय. झूमवर वर्ग, यूट्यूबवर धडे, शेवटी पीडीएफ सर्टिफिकेट. असा एक कोर्स मीही केला. बारा धडे, प्रश्नांवर टिकमार्क, पास! बांधाच्या भांडणावरून माझं सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं. त्याबद्दल बारा धड्यांत कोणी एकदाही विचारलं नाही. विचारणार कसं? मला ओळखत कोण होतं?

येशूने बारा जणांना लिंक पाठवली नव्हती. तो त्यांच्यासोबत चालला, जेवला, त्यांचे पाय धुतले, चुकले तिथे तोंडावर सांगितलं.

मोबाइल फेकून द्या असं मी म्हणत नाही. आपली किती माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, महिनोन्‌महिने. तिथे पाळक पोचत नाही, मोबाइल पोचतो. पण रात्री आठचा लाइव्ह क्लास त्यांच्या काय कामाचा? दिवसभर कोयता चालवलेला माणूस तेव्हा भाकरी खाऊन आडवा होतो, नाहीतर गाडी भरत असतो.

आणि दूरशिक्षण आपल्याला नवं नाही. 1963 साली ग्वाटेमालात गावातल्या मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी ते सुरू झालं. 1971 मध्ये बंगळुरूत टाफ्टी त्याच पद्धतीवर उभी राहिली. घरी धडा वाचायचा, ठरल्या दिवशी गटात बसून बोलायचं, शिकलेलं मंडळीत करून बघायचं. आपण पहिला भाग मोबाइलवर घेतला, उरलेले दोन टाकून दिले!

भाषेचं तर विचारूच नका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणलं, 1924 साली ते छापून निघालं. शंभर वर्षांनी आपण आजीला हिंदी डबिंग ऐकवतो. ती म्हणते, "आमनी बोलीमा सांग ना भाऊ."

म्हणून तीन मागण्या. धडे ऑडिओत, डाउनलोड होणारे, अहिराणी-कोकणी-भिलीत द्या. पाच-सहा जणांमागे ओळखीचा एक वडीलधारा नेमा, जो घरी येऊन विचारपूस करेल. आणि सर्टिफिकेटवर सही वर्षभर त्या माणसाला पाहिलेल्या मंडळीची असू द्या.

पाळकसाहेब, पुढची लिंक टाकण्याआधी एवढं ठरवा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर रविवारी उपासनेनंतर समोर बसून बोला.