आधी सांग, काढणार काय?

एक तारीख आली, पगार झाला की ऑफिसात कुणीतरी माझ्या डेस्कपाशी घुटमळतं. 'बॉस, प्रोफेशनल कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?' मी उलट विचारतो, 'काढणार काय?' उत्तर ठरलेलं, 'सगळंच!'

मंडळी, गाडी इथेच फसते. सगळंच झकास काढणारा कॅमेरा अजून कुणी बनवलेला नाही. आणि हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

पहिला बोनस हातात पडला तेव्हा मी मेगापिक्सलच्या आकड्यावर भाळून थेट फुल-फ्रेम बॉडी उचलली. बजेट तिथेच खलास. मग लेन्स? 'नंतर बघू' म्हणत एक सेकंडहँड साधी झूम लावली. त्याच डिसेंबरात ताईचं लग्न. रिसेप्शनच्या हॉलमध्ये पिवळट, मिणमिणता उजेड. नव्वदीची आजी काठी टेकत स्टेजवर चढली, ताईच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी क्लिक केलं. आयएसओ आधीच चढवलेला, झूम पूर्ण ताणलेला, अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडेना, शटर १/१५ सेकंदावर. फोटोत आजीचे हात म्हणजे नुसता धूर.

पुढच्या वर्षी आजी गेली. तो फोटो अजून हार्ड डिस्कवर आहे. डिलीट करवत नाही आणि फ्रेमही करता येत नाही.

नंतर शांतपणे हिशोब केला. एफ/१.८ ची साधी ५० एमएम लेन्स असती, तर एफ/५.६ च्या जवळजवळ दसपट उजेड आत आला असता. म्हणजे १/१५ ऐवजी साधारण १/१५० चा शटर. मला चार पावलं पुढे जावं लागलं असतं, एवढंच. आणि ही लेन्स माझ्या बॉडीच्या किमतीपुढे अगदीच चिल्लर होती!

तेव्हापासून आपला फंडा क्लिअर आहे: आधी विषय, मग लेन्स, शेवटी बॉडी.

लग्नं, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम काढायचेत? मग ३६ × २४ मिलिमीटरचा फुल-फ्रेम सेन्सर अंधुक उजेडात कामाला येतो, पण सोबत एफ/२.८ किंवा त्याहून मोठं उघडणारी लेन्स हवीच. पैसे घेऊन शूट करणार असाल तर दोन कार्डांचे स्लॉट असलेली बॉडी बघा. एक कार्ड दगा देऊ शकतं आणि सप्तपदीचा रिटेक होत नाही.

भिगवणचे फ्लेमिंगो काढायचेत? तिथे लहान सेन्सरच फायद्याचा. १.५ क्रॉपच्या एपीएस-सी बॉडीवर ४०० एमएमची लेन्स ६०० एमएमइतकी जवळची फ्रेम देते, खिसा आणि खांदा दोन्ही वाचतात. फक्त उडत्या पक्ष्याला धरून ठेवणारा ऑटोफोकस तपासून घ्या.

दर वीकेण्डला हरिश्चंद्रगड, राजमाची? मग वजन हाच पहिला निकष. तीन किलोंचं किट पहिल्या चढानंतर सॅकमधून बाहेरच येत नाही. पावसात जाणार असाल तर वेदर सीलिंग बॉडीला आणि लेन्सला, दोन्हीला हवं. आणि घरी एक ड्राय बॉक्स घ्याच, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लेन्सवर बुरशी चढायला वेळ लागत नाही.

मेगापिक्सलचं काय? २४ मेगापिक्सल म्हणजे ६००० × ४००० पिक्सल. ३०० डीपीआयने छापला तर २० × १३ इंचांचा कडक प्रिंट. शेवटचा एवढा मोठा प्रिंट कधी काढला होता, आठवतंय का?

आता मिररलेस की डीएसएलआर? २०१८ साली निकॉन आणि कॅनन दोघेही फुल-फ्रेम मिररलेसमध्ये उतरले आणि नव्या लेन्सचा ओघ तिकडे वळला. लांबचा विचार असेल तर मिररलेस. पण हात बसवायचा असेल, तर चांगल्या कंडिशनमधला जुना डीएसएलआर काही वाईट नाही. घेताना शटर काउंट तेवढा विचारा.

आणि ईएमआयवर सही करण्याआधी दोन गोष्टी करा. फोनमधले मागच्या वर्षीचे फोटो चाळा, आपण खरंच काय काढतो ते तिथे कळतं. मग तो कॅमेरा आणि ती लेन्स एका वीकेण्डसाठी भाड्याने आणा. सोमवारी निम्मे प्रश्न सुटलेले असतील.

पुढच्या एक तारखेला पुन्हा कुणीतरी डेस्कपाशी येईलच. बॉडी कुठली, ते बघू सावकाश. आधी सांग, तुझ्या घरात दृष्ट काढणारं कोण आहे?