रेशनकार्डावर दोघी



दिवाळीच्या सुट्टीत गोरेगावातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात किल्ला होतो. बुरूज कोणी लिंपायचा यावरून पोरांची कडाक्याची भांडणं होतात. कोण कोणाच्या पोटचं, ही चौकशी मात्र चिखलाने बरबटलेल्या त्या टोळीत कोणी करत नाही. ती मोठी माणसं करतात आणि त्यांचे छापील अर्ज.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’. त्यातलाच एक प्रश्न: दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना मिळून मूल दत्तक घेता येतं का? नाही. २०२२च्या दत्तक नियमावलीप्रमाणे जोडप्याचा किमान दोन वर्षांचा स्थिर संसार लागतो, तोही लग्नाचा. आणि समलिंगी लग्नाला आपल्याकडे मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लग्नाची ही अट तीन विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं मत विरोधात होतं.

‘मुलाला आईही हवी, बापही हवा’ असं म्हणणारे वाचक आमच्याकडेही आहेत. पण कायदाच हा आग्रह धरत नाही. एकट्या बाईला तो मुलगा किंवा मुलगी देतो; एकट्या पुरुषाला मुलगी नाही, पण मुलगा देतो. मग दोघींपैकी एक अर्ज करते. मूल घरी येतं, दोघींच्या अंगाखांद्यावर वाढतं, कागदावर आई एकच. उद्या तिचं काही बरंवाईट झालं, तर त्याच्या तापात रात्र रात्र जागलेली दुसरी कायद्याच्या लेखी परकी. यात नुकसान मुलाचं आहे, हे बहुमतातल्या न्या. भट यांनाही डाचलं. त्यांनी ते निकालपत्रात नोंदवलं.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदार एकाच घरातले धरावेत. म्हणजे गहू-तांदूळ मोजताना एक घर, मूल सोपवताना दोन परकी माणसं!

अर्जाचे रकाने काही ब्रह्मदेवाने आखलेले नाहीत. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. कालपर्यंत आईला तिथे जागाच नव्हती.

आणि दत्तकाचा वाद आपल्याला नवा थोडाच आहे? जोतीराव-सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत आपला मानला. १८९०मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेपुढचं मडकं, म्हणजे टिटवं, कोणी धरायचं यावरून पुतण्याने अडवलं. दत्तक मुलाचा हक्क त्याला मान्य नव्हता. सावित्रीबाईंनी वाद घातला नाही. टिटवं स्वतः हातात घेतलं आणि पुढे चालू लागल्या.

यशवंत कोणाचा, हे त्यानंतर कोणाला विचारावं लागलं नाही.

अंक वाचा, पटलं नाही तर खरमरीत पत्र लिहा. दिवाळीच्या शुभेच्छा!

— संपादक