मोरीचे बाथरूम करताना

थंडीचे दिवस जवळ आले की घरोघर गरम पाण्याचा विषय निघतो. ज्यांनी चार पैसे साठवून मोरीच्या जागी बंद बाथरूम करायचे ठरविले आहे, त्यांच्यासाठी आजचा लेख. आमचे पाहणे असे आहे की, आधी फरशी कोणत्या रंगाची यावर आठ दिवस चर्चा होते आणि गिझरचा विचार गवंडी गेल्यानंतर होतो. मग नव्या टाइल्स फोडा किंवा तार उघडीच भिंतीवरून न्या! क्रम उलटा हवा. पाणी कशाने तापवायचे हे आधी, फरशी नंतर.

गॅसचा गिझर स्वस्तात पाणी देतो, पाणी लगेच येते, म्हणून तो आपल्या वस्त्यांतून बराच दिसतो. पण पूर्वीचा तांब्याचा बंब अंगणात नाहीतर पडवीत पेटत असे, हे आपण विसरलो. चार बाय चारच्या बंद खोलीत गॅसची ज्योत जळू लागली की ती तिथला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. त्यामुळे "वास आला नाही म्हणजे सर्व ठीक" असा समज होतो आणि तोच घात करतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, गरगरते, पायांतले बळ जाते. कडी काढायचे भान राहत नाही. थंडी म्हणून खिडकी लावलेली आणि एकामागून एक चौघांच्या आंघोळी, अशा वेळी शेवटी जाणाऱ्याला धोका सर्वांत जास्त. तो बहुधा घरातील बाईमाणूस असतो.

म्हणून गॅस गिझर आणि त्याचा सिलिंडर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेच्या गॅलरीत ठेवावा. आत यावा तो फक्त पाण्याचा नळ. पंखा लावून भागेल असे कोणी सांगेल; वीज गेली की पंखा थांबतो, बॅटरीवर पेटणारा गिझर मात्र चालूच राहतो. गॅलरी नसेल तर गॅसचा नाद सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विजेचा गिझर घ्यायचा तर त्याला स्वतंत्र तार हवी. २००० वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो, ३००० वॉटचा १३. पंख्याच्या बारीक प्लगवर तो चालवू नये. १६ अँपिअरचा प्लग, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि बटण बाथरूमच्या बाहेर. अर्थिंग खरे आहे की नुसते तिसरे भोक आहे, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. शिवाय ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. वीज अंगातून जमिनीकडे जाऊ लागताच तो क्षणात प्रवाह तोडतो. टाइल्स चार कमी भारी घ्याव्यात, पण हा खर्च टाळू नये.

कित्येक घरांत अजून बादलीत रॉड सोडतात. रॉडने वीज वाचते म्हणे. हिशेब करून पाहू. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट लागतो, मग ते रॉडने तापवा की गिझरने. गिझर तासन् तास चालू ठेवला तरच जास्त जाते. तो अर्धा तास आधी लावून आंघोळीपूर्वी बंद केला तर फरक फारसा उरत नाही. रॉड मात्र बादलीत असताना पाण्यात हात घालून "तापले का" पाहण्याची सवय जीवघेणी आहे. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच हात. लोखंडी बादली तर नकोच.

राहता राहिली कडी. लहान मुले व म्हातारी माणसे असतील तर बाहेरूनही उघडता येईल अशी कडी सुताराकडून लावून घ्यावी. आत कोणी ओ देत नसेल तर दार उघडून त्याला लगेच मोकळ्या हवेत न्यावे आणि इस्पितळात डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की घरात गॅस गिझर चालू होता.