साधारणधर्म कोठे आहे?

रूपक हे एक विधान असते, हे आपण वर्गात शिकवतो आणि वर्गाबाहेर विसरतो. उपमेय आणि उपमान यांत काहीएक साधारणधर्म आहे, असा कवीचा दावा असतो. तो धर्म सापडत नसेल तर रूपक फसले, असा शेरा आपण उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने मारतो. मग २०२० पासून कोरोनावर मराठीत कवितांचे, ललित लेखांचे आणि चर्चासत्रांतील निबंधांचे जे पीक आले, त्यातील ‘अदृश्य शत्रू’, ‘लढाई’, ‘योद्धा’, ‘कवच’ या शब्दांना ही कसोटी कोणी का लावली नाही? पंतप्रधानांनी मार्च २०२० मध्ये महाभारताच्या अठरा दिवसांशेजारी टाळेबंदीचे एकवीस दिवस ठेवले. राजकारण्याला रणांगण लागतेच. मे महिन्यात रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली गेली, तेही एक वेळ समजू शकते. परंतु साहित्याच्या अभ्यासकांनी तीच शब्दकळा मुकाट्याने उचलावी आणि वर सुसान सोन्टॅगचे नाव घ्यावे, हे समजणे कठीण आहे. आजारावर लादलेल्या लष्करी रूपकांना तिने १९७८ मध्येच आक्षेप घेतला होता. ती तळटिपेत आणि सैन्य मजकुरात, अशी ही आपली विद्वत्ता.

आधी उपमेयाकडे तरी नीट पाहू. सुमारे तीस हजार अक्षरांचा आरएनए, त्याभोवती एक स्निग्ध पटल आणि त्यावर स्पाइक नावाचे प्रथिन, एवढाच या विषाणूचा संसार. हे स्पाइक आपल्या पेशीवरील एसीई-२ या प्रथिनाला चिकटते. एसीई-२ तेथे काही विषाणूच्या स्वागतासाठी नसते. रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या साखळीतील ती एक कडी आहे. मग आपल्याच पेशीवरील एक विकर स्पाइकला छेद देते, विषाणूचे आणि पेशीचे पटल एकमेकांत मिसळते आणि आरएनए आत उतरतो. आत आपलेच रायबोसोम तो निमूटपणे वाचू लागतात आणि त्यात लिहिलेली प्रथिने घडवू लागतात. किल्ला पडला म्हणावे, तर तट कोठेच फुटलेला नसतो.

येथे वाचणे, अक्षर हे शब्द मी पदरचे घातलेले नाहीत. प्रतिलेखन, भाषांतर ही जीवशास्त्राची रूढ परिभाषा आहे. कोरोना कुळातील विषाणूंपाशी तर मुद्रितशोधन करणारे विकर असते, आणि आरएनए विषाणूंत ही गोष्ट दुर्मीळ आहे. तरीही चुका उरतातच. त्यांपैकी समान चुका हेरून संशोधक विषाणूच्या पाठभेदांची वंशावळ लावतात. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटली नसती. वैज्ञानिकांनी शब्द उसने घेतले ते आपल्या घरातून, आणि आपण मात्र छावणीत जाऊन उभे राहिलो!

युद्धाच्या रूपकाचे खरे दिवाळे निघते ते आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात. संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. हा विषाणू ती पहिली हाक दाबून टाकतो. हाक उशिरा पोचली की प्रतिकारयंत्रणा नंतर भलत्याच जोराने पेटते. फुप्फुसातील वायुकोशांत द्रव भरतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. रुग्ण अत्यवस्थ होतो तेव्हा विषाणूंची संख्या बहुधा उतरणीला लागलेली असते. २०२० मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तर अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे १० टक्के जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. यात शत्रू कोण आणि योद्धा कोण? त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले, की डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. हे औषध विषाणूला मारत नाही. आपल्याच प्रतिकाराला आवरते. ज्यांना प्राणवायूची गरज लागलेली नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही.

हा उत्तरार्ध महत्त्वाचा होता. पण युद्धात शस्त्र जितके लवकर आणि जितके जास्त तितके बरे, असेच मन म्हणते. आपल्या भाषेत अचूक औषधालाही ‘रामबाण’च म्हणतात. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात रेमडेसिविरसाठी नातेवाईक रात्रंदिवस वणवण करत होते, काळ्या बाजारात पैसे मोजत होते. त्या औषधाने मृत्यू फारसे टळत नाहीत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचा अंतरिम निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच आलेला होता. स्टेरॉइडे गरज नसताना, लवकर आणि अवाच्या सवा दिली गेली. त्यांना अनियंत्रित मधुमेहाची जोड मिळून म्युकरमायकोसिसने कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले. याचा सारा दोष रूपकाच्या माथी मारणे हास्यास्पद ठरेल. तुटवडा होता, भीती होती, ढिसाळ व्यवस्था होती. परंतु त्या भीतीला शब्द पुरवणारे आपण होतो, हे नाकारता येणार नाही.

लसीला ‘कवच’ म्हणणे हे याच रूपकाचे शेपूट. कवच भेदले गेले की संपले. म्हणून २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला आणि लस घेतलेल्यांनाही संसर्ग झाला, तेव्हा ‘लस फसली’ अशी ओरड झाली. वस्तुतः लस शरीराला एक पाठ आधी वाचून दाखवते. रक्तातील प्रतिपिंडे महिन्यांनी ओसरतात. स्मृतिपेशी आणि टी-पेशी टिकतात आणि आजार गंभीर होण्यापासून बऱ्याच अंशी राखतात.

लस ‘विक्रमी वेळात’ आली, हेही अर्धसत्यच. कारिको आणि वाइसमन यांनी आरएनएतील एक घटक बदलून त्याची दाहकता कमी केली ती २००५ मध्ये; नोबेल मिळाले २०२३ मध्ये. स्पाइक पेशीला भिडण्यापूर्वीच्या आकारात स्थिर राहावे म्हणून दोन जागी प्रोलीन घालण्याची युक्ती मर्सच्या विषाणूवरील कामातून २०१७ मध्ये पुढे आली होती. कोव्हिशील्डमध्ये ही युक्ती नव्हती. तिने चिंपांझीच्या ॲडिनोविषाणूचे वाहन वापरले. कोव्हॅक्सिन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळ्या केलेल्या विषाणूपासून सिद्ध झाली. तिला जानेवारी २०२१ मध्ये मान्यता मिळाली, ती तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे आकडे हाती येण्यापूर्वी. आणि त्यावर शंका काढणे म्हणजे जणू जवानांच्या शौर्यावर शंका घेणे, असा सूर तेव्हा लावला गेला. लस पुढे उपयुक्त ठरली, म्हणून तो प्रश्न अप्रस्तुत ठरत नाही. रणभूमीवर प्रश्न विचारायचे नसतात. प्रयोगशाळेत दुसरे काही करायचेच नसते.

कोणी म्हणेल, काम्यूनेही ‘प्लेग’ लिहिलीच की! लिहिली, १९४७ मध्ये. पण तेथे नाझी अंमल हे उपमेय आहे आणि प्लेग हे उपमान. आपल्या निबंधकारांनी तिचा दाखला देत नेमके उलटे केले. त्याच १९४७ मध्ये मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्या आणि यंत्राची, विज्ञानाची परिभाषा मराठी कवितेत शिरली. त्यावरची टीका आपण आजही अभ्यासक्रमात नेमतो. ‘महामारी आणि साहित्य’ या विषयावर पुढचे चर्चासत्र भरवणाऱ्यांनी एसीई-२ वर एक तास ठेवावा. अध्यक्षीय भाषणातून तेवढा वेळ सहज निघेल.